मधलं सरकारचं

अप्पा,

आज सकाळी पेठ रोजच्यासारखी झाडली गेली. उजव्या अंगाच्या दुकानदारांनी आपापल्या ओट्यापासून रस्त्याच्या मध्यापर्यंत झाडलं, डाव्या अंगाच्यांनीही तेवढंच. दोन्हीकडचा केर मधोमध येऊन थांबला आणि मारुतीच्या पारापासून कचेरीच्या फाटकापर्यंत त्याचा लांबलचक वरंबा उभा राहिला. धूळ वर चढली, तिच्यात ऊन शिरलं आणि त्या पिवळ्या धुक्यातून एकेक माणूस हातात केरसुणी घेऊन हळूहळू आकाराला आला. तुमच्या दुकानापुढचा तुकडा तेवढा कुणी झाडला नाही. दुकान बंद आहे. झाडलं नाही म्हणून तिथं धूळ उडाली नाही, आणि साऱ्या पेठेत तेवढीच जागा लख्ख दिसत होती. मी तिथं नजर लावून उभा राहिलो. तुम्ही धुळीतून बाहेर येण्याची डोळ्यांना सवय होती. धूळच नाही तर तुम्ही येणार कुठून, हे ध्यानात यायला मला थोडा वेळ लागला.

तुम्हाला माती देऊन आठवडाही झालेला नाही. लोक म्हणतात, मास्तर, अप्पांवर चार शब्द लिहा. कुठं जन्मले, धंदा कसा वाढवला, मठाला काय दिलं. ते लिहायला बसलो की तुम्ही समोर येऊन बसता, उपरण्यानं मान पुसता आणि म्हणता, "ते ऱ्हाऊ द्या मास्तर. आपलं कुठवर आलं हुतं?"

आपलं म्हणजे भांडण. इतकी वर्षं चाललेलं आणि अर्ध्यावर राहिलेलं. ते मला आता एकट्याला पुढं न्यायचं आहे, आणि तुमची बाजू मांडायला तुम्ही नाही. म्हणून तुमची बाजूसुद्धा मीच मांडतो आहे, आणि अडचण अशी की ती मला आता जास्त पटते आहे.

गावात केरसुण्या विकणारं दुकान तुमचं एकट्याचं. शिंदीच्या केरसुण्या, खराटे, सुपं, दोरखंडं, शिंकी. दुकानात शिरलं की वाळल्या गवताचा वास यायचा आणि वरून टांगलेली शिंकी डोक्याला लागायची. आणि रस्त्याचा मधला पट्टा झाडायला ठाम नकार देणारे गावात एकटे तुम्हीच. बाकीचे मध्यापर्यंत झाडून थांबत ते आळसानं, रिवाजानं. तुम्ही थांबत होता ते ठरवून. दारापुढचं आपलं, मधलं सरकारचं. लोकलफंडाची पट्टी भरतो ती कशासाठी?

मी या गावी सरकारी शाळेवर बदलून आलो तेव्हा तो वरंबा पाहून मला शरम वाटली होती. तरणा होतो. चार पोरं गोळा केली, सेवा या शब्दानं छाती भरून आली, आणि केरसुण्या घ्यायला तुमच्याकडं आलो. आपली ती पहिली गाठ.

"पाच-सहा द्या," मी म्हणालो.

"येवढं मोठं घर हाय तुमचं?"

"घरासाठी नाही. पेठेचा मधला पट्टा झाडणार आहोत आम्ही."

तुमचा हात टांगलेल्या जुडीवरच थांबला. "मधलं सरकारचं हाय."

"सरकार झाडत नाही, अप्पा."

"इचारलं का त्येला, का झाडत न्हाईस म्हणून?"

"विचारून काय होणार?"

"अन् झाडून काय हुनार?"

तुम्ही जुडी सुतळीनं बांधली, गाठ दातानं आवळली आणि माझ्यापुढं केली. मी म्हणालो, पगार झाला की देतो. तुम्ही मान हलवलीत. "न्हाय न्हाय. सरकारी काम हाय हे. सरकारी कामाला उधारी न्हाय." आणि हसत हसत रोख पैसे मोजून घेतलेत. तेव्हा मला तो चेष्टेचा भाग वाटला. पुढं जितक्या वेळा माझी केरसुणी झिजली, तितक्या वेळा तुम्ही नवी देताना त्याच आवाजात म्हणालात, "घ्या, सरकारी झाडू."

त्या दिवसांतल्या सकाळी मला अजून स्वप्नासारख्या दिसतात. आम्ही रांगेनं झाडत चाललो आहोत, कुणीतरी भजन धरलं आहे, दुकानदार ओट्यावरून कौतुकानं बघताहेत. तुमच्या दुकानापुढं आलं की भजनाचा आवाज आपोआप कमी व्हायचा. तुम्ही गल्ल्यामागं बसून कपाळाला विभूती लावत असायचा. डोळे मिटलेले. आम्ही पुढं गेलो की उघडायचे.

लोकलफंडाचा एक झाडूवाला होता, रामा. रेड्याची गाडी होती त्याच्याकडं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तो यायचा, कधी यायचा नाही, पण गाडी होती आणि माणूस होता. आमची सेवा वर्षभर चालली, आणि कचेरीत कुणाच्या तरी लक्षात आलं की ही पेठ आपसूकच साफ असते. रामाची जागा कमी झाली. गाडी दुसऱ्या गावी गेली. बायकापोरांना घेऊन सोलापूरला गिरणीत जायला निघाला तेव्हा तो मला पेठेतच भेटला. "मास्तर," तो म्हणाला, "तुमी झाडताव म्हनून माजं काम ऱ्हायलं न्हाई म्हनं." रागानं नाही. गावातली एखादी बातमी सांगावी तसा म्हणाला. मग डोक्यावरचं गाठोडं सारखं करून चालू लागला.

मी तसाच तुमच्या दुकानात आलो. वाटलं, आता तुम्ही म्हणाल, सांगितलं नव्हतं? तुम्ही तसं काही म्हणाला नाहीत. पाण्याचा तांब्या पुढं केलात. मी पिऊन तो खाली ठेवला तेव्हा म्हणालात, "मास्तर, तुमी वाईट मानूस असता तर बरं झालं असतं. वाईट मानसाशी भांडता येतंय."

पुढं सुगी आली, लग्नसराई आली, पोरं पांगली. मी एकटा काही दिवस झाडत राहिलो. एकट्या माणसाच्या केरसुणीला भजनाचा ताल नसतो. वरंबा परत आला, आणि आता तो उचलून न्यायला गाडीही नव्हती. तरी सणावाराला, कधी नुसतंच मन खाऊ लागलं की, मी तुमच्याकडून केरसुणी न्यायचो आणि जमेल तेवढं मधलं झाडायचो. का, ते मलाही सांगता यायचं नाही. तुम्ही विचारलं नाहीत.

एका ठिकाणी शिकलो असतो तर दुसऱ्या ठिकाणी तेच केलं नसतं. वर्गाचं तेच झालं.

सरकारी शाळा सातवीला संपायची. त्याच्या वरचं शिक्षण धाराशिवला, आणि तेही उर्दूतून. ज्यांच्या घरी ऐपत, त्यांची पोरं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका ओलांडून इंग्रजी हद्दीत सोलापूरला जायची. बाकीची गुरामागं, दुकानात. पोरींचं तर बोलायलाच नको. मी नोकरी सोडली आणि सातवीच्या पुढचं मराठीतून शिकवायला बसलो. खानगी शाळेला सरकारची परवानगी लागे, ती आपल्याला मिळण्यातली नव्हती, म्हणून तिला शाळा म्हणायचं नाही, वर्ग म्हणायचं, हे तुम्हीच सुचवलंत. मठाची ओवरी तुम्हीच स्वामींना सांगून मिळवून दिलीत. आणि पहिल्या दिवशी पोरांना पेढे वाटून झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणालात, "आता ही बंद कशी पडंल ते बघा."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"बंद पडाया पायजे मास्तर. सरकारची हुभी ऱ्हाया पायजे. तुमची चालली तर त्येंची कवा येनार?"

"आणि तोवर पोरांनी काय करायचं? तुमची शांता सातवी झाली. सरकार जागं होईपर्यंत ती म्हातारी होईल."

तुम्ही गप्प झालात. याला तुमच्याकडं उत्तर नव्हतं, आणि हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण सगळ्याच वेळा तुम्ही जिंकलात असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शांता ओवरीत येऊन बसली. धाकटी लेक, तुमचा जीव की प्राण. मी तुम्हाला गाठून म्हणालो, बंद पाडायची आहे ना, मग पोरगी का पाठवली?

"तिला तहान लागलीया," तुम्ही म्हणालात. "शेजाऱ्याच्या हिरीवर न्हेतोच की. पर गावाला हीर खांदायचं काम कुणाचं, ते सांगत ऱ्हायाचं. पानी पिताना बी सांगायचं."

संध्याकाळी आपण माळावर जायचो. ओढ्याच्या पलीकडं, जिथून बालाघाटाची रांग निळी दिसते. लढाईमुळं रॉकेल मिळत नव्हतं, त्यामुळं उजेड होता तोवरच सगळं उरकावं लागायचं, आणि तरीही तुम्हाला त्या माळावर घाई नसायची. तिथं तुमचं कालिज होतं. तुम्ही हायस्कुलावर थांबायलाच तयार नव्हता. "मागायचंच तर कालिज मागू. हायस्कूल त्याच्या पोटातच येतंय." मग उघड्या माळावर तुम्ही मला खोल्या दाखवायचा. इथं रसायन. इथं पुस्तकं. खिडक्या डोंगराकडं, म्हणजे पोरांना वारा. पोरींना बसायला वेगळी खोली नको, वेगळी दिली की तिलाच धाकटी करत्यात. आणि एका ठिकाणी आलं की तुम्ही पाय उंच उचलायचा. "पायरी हाय. जपून, मास्तर."

मी आधी हसायचो. मग मीही पाय उचलू लागलो. एकदा विसरलो तर तुम्ही दंड धरून थांबवलंत. "पडला असता की." तुमच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती. ऊन उतरत होतं, खाली गवत सोनेरी झालं होतं, आणि खरंच सांगतो अप्पा, त्या क्षणी मला ती पायरी दिसली. दगडी, घासलेली, मधोमध जरा खोलगट झालेली, जणू पुष्कळ पोरं तिच्यावरून गेली आहेत.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितो आहे ते सांगायला हवं. तुम्हाला ते माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे हेही मला माहीत आहे. आपण ते एकमेकांशी बोललो नाही एवढंच.

तुम्ही पेठेतल्या व्यापाऱ्यांना घेऊन हायस्कुलाचा अर्ज दिलात, आणि तालीमात म्हणजे शिक्षण खात्याचे साहेब पाहणीला येणार असं कळलं. तुम्ही ओवरीत आलात. पोरं गेली होती. तुम्ही उंबऱ्याशी बसलात.

"मास्तर, त्या दिशी ह्याला कुलूप लावा."

"का?"

"सायबाला मोकळी पोरं दिसू द्या. पारावर, रस्त्यावर, जिथं असतील तिथं. ओळीनं बसलेली पोरं दिसली की त्येला वाटतंय, झालं. एक दिस फकस्त."

मी म्हणालो, "बघू."

बघू म्हणालो आणि मनात नाही म्हणालो. स्वतःला कारण दिलं की पोरांनी कपडे सोड्यात धुतले आहेत, कविता पाठ केल्या आहेत, त्यांचा विरस होईल. ते खोटं नव्हतं, पण ते कारणही नव्हतं. मला शाबासकी हवी होती. नोकरी सोडून, घरच्यांची बोलणी खाऊन मी जे उभं केलं ते कुणीतरी मोठ्या माणसानं बघावं आणि मान हलवावी. दुसऱ्या कुणाची नाही, ज्या सरकारची मी नोकरी सोडली त्याच सरकारच्या माणसाची मान.

त्यांनी ती हलवली. पोरांनी कविता म्हटल्या. शांतानं फळ्यावर प्रमेय सोडवून दाखवलं. साहेब सज्जन माणूस होते, खोटं कशाला बोलू. त्यांनी परवानगीचं विचारलंच नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "माशाअल्लाह, मास्टर साहब. आपका मदरसा तो खूब चल रहा है." आणि माझा हात तसाच धरून मागं उभ्या असलेल्या कचेरीच्या कारकुनांना, पेशकारांना, म्हणाले, "तो फिर यहां हाईस्कूल की क्या जरूरत है?"

हात सुटला तेव्हा मला रामा आठवला. डोक्यावरचं गाठोडं सारखं करणारा.

त्या संध्याकाळी तुम्ही नेहमीसारखे आलात. माळावर जाऊ म्हणाला नाहीत. उंबऱ्याशी बसलात, उपरण्यानं मान पुसलीत. म्हणालात, "पोरांनी कविता चांगल्या म्हटल्या म्हनं."

मी म्हणालो, "हो."

"शांता बी बरी बोलली म्हनं."

"फार छान."

मग आपण दोघंही ओवरीच्या खांबावर चढणाऱ्या मुंगळ्यांकडं बघत बसलो. मला सांगायचं होतं. अप्पा, मी कुलूप लावलं नाही, कारण मला मान हलवून हवी होती. वाक्य जिभेवर तयार होतं. तुम्ही उठलात, धोतर झटकलंत आणि म्हणालात, "सुम्म बसा आता. दमला असाल." सुम्म म्हणजे गप्प, तुमच्या घरच्या कानडीतला शब्द, शांताला रागवायचा. तो तुम्ही माझ्यासाठी वापरलात याचं मला बरं वाटलं, आणि मी खरोखरच गप्प बसलो. त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्हाला ताप आला आणि तुम्ही कुणाला फारसा त्रास न देता निघून गेलात. मला आधी वाटलं, उठून बसाल. तुमचं सगळंच सावकाश असायचं. जाणं तेवढं घाईचं निघालं.

तुमच्या रिवाजाप्रमाणं तुम्हाला मखरात बसवलं तेव्हा मी शेजारी होतो. कपाळभर विभूती, गळ्यात हार, मांडी घातलेली. दुकानात बसायचा तसेच. दुपारची वेळ होती, साऱ्या पेठेनं दुकानं बंद ठेवली होती. मखर निघायचं तर पेठेतूनच, आणि मधोमध तो वरंबा. चारजण केरसुण्या घेऊन धावले. मीही धावलो. इतकी वर्षं जे करत आलो तेच करायला हात पुढं झाला.

शांताची आई, अव्वा, दारात उभ्या होत्या. त्या दिवसभर रडल्या नव्हत्या. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या."

"अव्वा, वाट तरी करू द्या," मी म्हणालो.

"जित्यापणी त्येंनी मधलं झाडलं न्हाय, कुणाला झाडा बी म्हनले न्हाईत. आता त्येंच्या नावानं सरकारचं काम करू नगा."

केरसुण्या खाली झाल्या. मखर वरंब्यावरूनच निघालं. कडबा, केळीची सालं, फुटकी मडकी, बाजारातला पाला, त्याच्यावर पाय देत खांदेकरी चालले होते. टाळ वाजत होते. प्रत्येक खळग्याला मखर हलायचं आणि तुमची मान पुढं व्हायची. जणू प्रत्येक दुकानापुढं तुम्ही म्हणत होता, बघा. हे बघा. आणि हे. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "अप्पा पाहणीला निघाल्यात." दोघं-तिघं हसले आणि लगेच रडले. कचेरीच्या फाटकाशी मखर पोचलं तेव्हा पेशकार व्हरांड्यात उभे राहिले. त्यांनी टोपी सारखी केली. त्यांच्या डोळ्यांसमोर एक खांदेकरी पालापाचोळ्यात घसरला, मखर तिरपं झालं, आणि तुमची मान त्यांच्याकडं वळली. ते आत गेले नाहीत, पण त्यांनी नजर खाली घातली.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाची गाडी आली आणि वरंबा उचलून घेऊन गेली. एकच दिवस. आता तो परत आला आहे, वर सांगितलंच.

माती द्यायची जागा माळाच्या कडेला. तुमच्या आखणीप्रमाणं ती कालिजाच्या फाटकाबाहेर येते, जिथं तुम्ही कडुलिंब लावायचा ठरवला होता तिथंच. तो कडुलिंबही अजून लावायचा आहे. परतताना माणसं पुढं गेली. मी आणि शांता मागं राहिलो. ऊन उतरत होतं, गवत सोनेरी होऊ लागलं होतं, मी काहीच बघत नव्हतो. शांतानं माझी बाही ओढली.

"सर, पायरी," ती म्हणाली.

मी थांबलो. तिनं पाय उचलला आणि त्या जागेवरून पुढं गेली. मीही उचलला. तुम्ही तिलाही आणलं होतं इथं, आणि मला कधी सांगितलं नव्हतंत. का कोण जाणे, मला वाटायचं ते कालिज आपल्या दोघांचंच आहे.

चार दिवसांनी अव्वांनी मला बोलावलं. अव्वा सोप्यात बसल्या होत्या, शांता तांदूळ निवडत होती. अव्वा म्हणाल्या, "आजारी पडायच्या आधी ते धाराशिवला जाऊन आले. पुन्यांदा अर्ज दिऊन आले. तुमाला बोलले न्हाईत?"

"नाही."

"ते सायेब पुन्यांदा येनार हायत. ह्याच बाजाराला. मी म्हनलं, मास्तरास्नी सांगा कुलूप लावा म्हनून. तर म्हनले, 'ते लावायचे न्हाईत.'"

मी खाली बघितलं.

"मग म्हनले, 'पर येकदा इचारून बघ. मानूस चांगलं हाय.'"

अप्पा, हे तुम्ही मला तोंडावर म्हणाला असता तर मी भांडलो असतो. आता कुणाशी भांडू? मी अव्वांना खरं ते सांगितलं. मागल्या खेपेला का लावलं नाही तेही सांगितलं, जे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ते त्येंना ठाव हुतं की."

मी त्यांना दुसरी भीतीही सांगितली. ती तुमच्या हिशेबात कधी होती का, हे मला अजून कळलेलं नाही. कुलूप लावलं, साहेबांना राग आला, परवानगी कुठाय म्हणून विचारलं, तर वर्ग जाईल आणि हायस्कूलही येणार नाही. तुमचं तत्त्व राहील आणि पोरं घरी बसतील. शांता घरी बसेल. रामा गेला तेव्हा एक माणूस गेला होता, आता अख्खी ओवरी जाईल. माझ्या हातून अशा गोष्टी घडतात, अव्वा, मी म्हणालो.

शांतानं सूप खाली ठेवलं.

"सर, वर्ग राहिला तर माझं पुढं काय?"

"म्हणजे?"

"तुमचं शिकवणं दोन वर्सांत संपंल. मग? तुमच्याकडं कालिज न्हाय. वर्ग चालला तरी मी घरीच बसनार. जरा उशिरा, येवढंच."

अप्पा, म्हातारी होईल म्हणून ज्या पोरीचं नाव घेऊन मी तुम्हाला गप्प केलं होतं, तीच तुमच्या बाजूनं बोलत होती. आणि पुरती तुमच्याही बाजूनं नव्हे, कारण पुढं म्हणाली, "पर बाबांसारखं नुसतं कुलूप लावून पोरं मोकळी सोडायची न्हाईत. एक दिस बी बुडवायचा न्हाय. ओवरीला कुलूप लावू आन् वर्ग रस्त्यात भरवू."

"रस्त्यात कुठं?"

"मधे."

"मध्ये केर आहे, शांता."

"असू द्या. त्याच्या ह्या अंगाला एक रांग, त्या अंगाला एक. फळा पाराला टेकवू."

"साहेबांची मोटार कशी जाणार?"

"उतरून चालत येतील. दोन पावलं तर हायत."

"आणि त्यांनी विचारलं, ही कुणाची जागा म्हणून?"

तिनं अव्वांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "सरकारची म्हनू. सरकारच्याच जागेत बसलोय म्हनू."

अव्वांच्या तोंडाला पदर गेला. मला वाटलं रडू आलं. त्या हसत होत्या. "व्हय की," त्या म्हणाल्या, "अगदी त्येंच्यागत बोलली."

तर असं ठरलं आहे. बाजार उद्याच आहे. पोरांना सांगितलं आहे, कपडे धुवायचे नाहीत, कविता नाहीत, जो पाठ चालू आहे तोच. घरोघरी जाऊन आईबापांनाही विचारलं, भीती आहे ती सांगून. एकानं पोरगा पाठवत नाही म्हणून सांगितलं. बाकीचे पाठवताहेत. वाण्याचा म्हातारा म्हणाला, "माझ्या दुकानापुढं बसवा, सावली येतीया." यातून काय होईल मला माहीत नाही. हायस्कूल येईल, वर्ग जाईल, दोन्ही होईल, काहीच होणार नाही. एवढंच कळतं की इतके दिवस मी सरकारला पोरं नीट झाकून दाखवत होतो आणि त्याला सेवा म्हणत होतो. तुम्ही ती उघडी दाखवायला सांगत होता. यात कोण जास्त बरोबर, हे भांडण मी अजून सोडलेलं नाही. आपण पुन्हा भेटलो तर मी तुम्हाला रामाचं नाव सांगेन आणि तुम्ही मला शांताचं सांगाल, किंवा उलटं.

ओवरीला लावायला कुलूप नव्हतं. मठाला कधी लागलंच नाही. मगाशी अव्वांनी तुमच्या दुकानाचं काढून दिलं. उद्यापासून दुकान उघडणार आहेत, त्या स्वतः बसणार आहेत, म्हणून ते मोकळं झालं. घरातून निघताना त्यांनी माझ्या हातात आणखी एक वस्तू ठेवली. नवी केरसुणी. "तुमची झिजलीया म्हनं." मी पैसे काढले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. ही घरची हाय. घर झाडा हिनं."

ती कोपऱ्यात उभी आहे. उद्या सकाळी अव्वा ओट्यावरून खाली उतरतील, दारापुढं झाडतील, मध्यापर्यंत येतील आणि थांबतील. तुमच्या दुकानापुढून पुन्हा धूळ उठेल. मी समोरच्या अंगाला उभा असेन. हात शिवशिवतील, वरंबा पायाशी असेल, पोरं त्याच्या दोन्ही अंगांना येऊन बसतील, आणि मी तो झाडणार नाही.